पूर्ण सभासद न होणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाला आधार द्यायचा, तर तो कसा

गोव्यातल्या फेरीबोटी आणि कदंबच्या सरकारी बसगाड्यांच्या वेळा एकत्र दाखवणारं एक छोटं ॲप आहे, असं धरून चला. कोड खुला, लायसन्स एमआयटी, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा असं मोकळं. सांभाळणारे (मेंटेनर) दोघेच. एक म्हापशाचा, नोकरीला पुण्यात. दुसरी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तुमच्या फाउंडेशनकडून, म्हणजे अशा प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थेकडून, त्यांना हवंय ते एवढंच: डोमेनचं बिल, महिन्याला सहाशे रुपयांचा सर्व्हर, आणि कुणा जाणकाराने सुरक्षेच्या दृष्टीने कोडवरून एकदा नजर फिरवावी. सभासदत्व नको. नाव तुमच्या हवाली करायचं नाही, कॉपीराइट लिहून द्यायचा नाही, समित्या नेमायच्या नाहीत. कार्यकारिणीत लगेच प्रश्न निघतो, "आमच्यात यायचंच नाही, तर आम्ही का द्यायचं?"

द्यायचं. पण काय द्यायचं आणि काय चुकूनही घ्यायचं नाही, हे आधी ठरवून. खालची सगळी रीत त्या एका फरकावर उभी आहे. पणजी, मडगाव, फोंड्यात पाच-सात जणांच्या कार्यकारिणीवर चालणाऱ्या संस्थेला झेपेल एवढीच ती ठेवली आहे.

सभासदत्व लहानांच्या मापाचं का नसतं

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन पाहा. नवा प्रकल्प तिथे इन्क्युबेटर नावाच्या उमेदवारीच्या टप्प्यातून जातो. कोडमध्ये थेट बदल नोंदवणाऱ्या, म्हणजे कमिट करणाऱ्या, प्रत्येकाकडून सही केलेला करार घेतला जातो, प्रकल्पाचं नाव फाउंडेशनच्या मालकीचं होतं, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला (रिलीजला) प्रकल्प समितीतल्या किमान तिघांची होकाराची मतं लागतात. मोठ्या प्रकल्पाला हे नियम कवचासारखे आहेत. आपल्या ॲपला मात्र माणसंच दोन. तिसरं मत आणायचं कुठून? नियमात खोट नाही, अंगरखाच वेगळ्या मापाचा आहे.

आणि लहान म्हणून बिनमहत्त्वाचा, असंही नाही. एप्रिल २०१४ मध्ये वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली, तेव्हा जगभरच्या वेबसाइट ज्या कोडवर विसंबून होत्या तो मूठभर माणसं सांभाळत होती हे सगळ्यांना कळलं. लिनक्स फाउंडेशनने त्याच वर्षी कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह उभारून ओपनएसएसएल आणि ओपनएसएसएच, एनटीपी अशा तितक्याच पायाभूत प्रकल्पांच्या कामाला पैसा पुरवला. त्यासाठी यांतल्या कुणालाही लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प व्हावं लागलं नाही. पैसा देणं आणि मालकी घेणं या दोन गोष्टी सुट्या करता येतात, याचा यापेक्षा मोठा दाखला नको.

आज चालू असलेल्या व्यवस्थाही अशाच निरनिराळ्या आहेत. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही १९९७ ची संस्था डेबियन, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या ‘संलग्न’ प्रकल्पांचे पैसे सांभाळते, देणगीतले ५ टक्के ठेवते, आणि प्रकल्पाच्या कारभारात पडत नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी १० टक्के ठेवते, पण तिथे प्रकल्प कायद्याने संस्थेचाच भाग होतो. वैज्ञानिक सॉफ्टवेअरसाठी असलेल्या नमफोकसकडे दोन पायऱ्या आहेत: पूर्ण प्रायोजित आणि नुसते ‘अफिलिएटेड’. दुसऱ्या पायरीवरच्या प्रकल्पालाही विकासकामाच्या छोट्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या जीनोमने २०२० मध्ये जीनोम सर्कल सुरू केलं. त्यात मूळ जीनोमबाहेरची ॲप येतात आणि ती लिहिणाऱ्यांना फाउंडेशनचं सभासदत्व मागता येतं. माणूस सभासद, प्रकल्प मोकळा. आपल्याकडे सर्वात आधी उचलावी अशी ही कल्पना.

नावावर मात्र जाऊ नका. सीएनसीएफ या क्लाउड सॉफ्टवेअरच्या फाउंडेशनच्या पहिल्या पायरीला ‘सँडबॉक्स’ म्हणतात, ऐकायला ती हलकी वाटते, पण ट्रेडमार्क तिथेही द्यावा लागतो.

मुख्य नियम: अर्धवट मालकी घेऊ नका

जे दोन महिन्यांत थांबवता येतं आणि थांबवल्यावर प्रकल्प जिथल्या तिथे उभा राहतो, ते बिनदिक्कत द्या. बिल भरणं, सभेला जागा, जाणकाराचा वेळ, चाचणीला माणसं, प्रवासखर्च, कायद्याचा एखादा सल्ला. जत्रेला देवस्थान मांडव आणि वीज देतं, नाटक गावच्या मंडळाचंच असतं, तसं.

जे परत करताना कागद, सह्या, पासवर्ड आणि वकील लागतात ते घ्यायचंच झालं तर पूर्ण सभासदत्वाच्या रीतसर करारानेच घ्या. नाव, ट्रेडमार्क, कॉपीराइट, डोमेनची नोंदणी, ॲप स्टोअरवरचं खातं, कोडवर सही करायची किल्ली, कुणाची नोकरी. ‘तूर्त आमच्या नावावर असू दे, मग बघू’ हे वाक्य कार्यकारिणीत निघालं की सचिवाने तिथेच थांबवावं. घर एकाचं आणि भाट, म्हणजे बागायती जमीन, दुसऱ्याचं, मध्ये कागद नाही, यातून काय होतं हे गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला. ॲपच्या बाबतीत तसा कायदा नाही. तिथे ज्याच्या नावावर खातं, त्याच्या हाती सगळं.

हा सापळा कसा लागतो ते एका उदाहरणात जवळून पाहण्यासारखं आहे. गूगल प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची बंद चाचणी करावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. मग कुणीतरी सुचवतं, "आमच्या खात्यावरून टाका, आजच जाईल." ॲप जातं. वर विकसकाचं नाव संस्थेचं दिसतं. फेरीची वेळ चुकली की लोक तक्रार संस्थेकडे करतात. गोपनीयतेच्या धोरणाची जबाबदारी संस्थेवर येते. दोन वर्षांनी मेंटेनरला ॲप स्वतःकडे न्यायचं असतं, तेव्हा संस्थेच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो दुबईला गेलेला असतो.

त्याऐवजी संस्थेने बाराऐवजी पंधरा माणसं द्यावीत. पंधरा अशासाठी की दोन-तीन जण मधेच चाचणी सोडतात, संख्या बाराच्या खाली जाते आणि १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. प्रत्येकाकडून जीमेलचा पत्ता आधी घ्या, आमंत्रणाच्या लिंकवर जाऊन त्याने होकार दिलाय ना ते फोन करून विचारा, आणि रोज एकदा ॲप उघडायला सांगा. पंधरा दिवसांत मदत संपते, खातं मेंटेनरचं राहतं, कुणाचं कुणाकडे काही अडकत नाही. ॲपलकडे जायचं असेल तर वर्षाला ९९ डॉलर लागतात. ते द्यायला हरकत नाही, पण दरवर्षीचा खर्च आहे हे ठरावात लिहून ठेवा.

आधी संस्थेचे स्वतःचे कागद

संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असो, ज्यात किमान सात जण लागतात, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, जिची नोंद पणजीच्या कंपनी निबंधकांकडे असते, दोन्हींत उद्देशांचं कलम काढून वाचा. तिथे ‘सभासदांच्या हितासाठी’ असं लिहिलेलं असेल तर सभासद नसलेल्याला दिलेला रुपयाही ऑडिटर बाजूला काढून दाखवील. ‘मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या व्यक्ती व गटांना, ते सभासद असोत वा नसोत, सहाय्य करणे’ या अर्थाचं वाक्य हवं. नसेल तर घटनादुरुस्ती आधी, मदत नंतर.

दुसरी गोष्ट खजिनदाराने पाहायची. बाहेरच्या संस्था ५ किंवा १० टक्के कापतात म्हणून आपणही कापू, असा मोह होतो. सार्वजनिक उपयुक्ततेच्या उद्देशावर करसवलत घेणाऱ्या संस्थेला व्यवसायासारख्या सेवांपोटी मिळणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, आणि अशी कपात त्यात मोजली जाऊ शकते. लहान संस्थेची एकूण जमाच कमी, त्यामुळे ती मर्यादा लवकर गाठली जाते. सभासद नसलेल्या प्रकल्पाकडून काहीच कापू नका. तुमच्या पैशातून अनुदान द्या. त्यांचे पैसे तुमच्या खात्यात ठेवून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

पैसा: रुपया सोपा, डॉलर नाही

रुपयांत मदत करताना रोख किंवा मोघम रक्कम देऊ नका, बिल भरा. एका प्रकल्पाला वर्षाला पंचवीस हजारांची कमाल मर्यादा ठेवली तर आपल्या ॲपचा सर्व्हर (७,२०० रुपये), डोमेन आणि एका जाणकाराचं दोन-तीन दिवसांचं मानधन त्यात बसतं. मानधन एकाच व्यक्तीला वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर टीडीएस कापावा लागतो, हे विसरलं जातं.

सर्व्हरचं बिल परदेशी कंपनीचं असेल तर संस्थेचं कार्ड ‘ऑटो-पे’ला लावून निश्चिंत होऊ नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमात न बसणारी आपोआपची वसुली भारतीय कार्डावर नाकारली जाते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे वरचेवर होतं. बिल थकतं, इशाऱ्याचा मेल स्पॅममध्ये जातो, सर्व्हर बंद. खात्यात आगाऊ रक्कम भरायची सोय असेल तर सहा महिन्यांची भरा. पुष्कळ कंपन्यांकडे खात्यात फक्त बिलं पाहणारा-भरणारा सदस्य वेगळा जोडता येतो. संस्थेने तेवढीच जागा घ्यावी, मालकाची नाही.

परदेशी पैसा आला की २०१० चा परकीय अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. नोंदणी मिळाली तरी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवायचा. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ प्रमाणे असा पैसा दुसऱ्या कुणाकडे पुढे देता येत नाही. म्हणजे परदेशातून देणगी घेऊन ती सभासद नसलेल्या प्रकल्पाला वाटणं हा मार्ग बंदच आहे असं समजा.

गोव्यात यात एक खास अडचण येते. देणगीदार आपल्याच गावचा असतो, घर आपल्याच वाड्यावर असतं, पण राहतो लिस्बनला किंवा इंग्लंडातल्या स्विंडनला. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर हातात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, असलं तरी तो परकीय स्रोत. रक्कम लहान आहे म्हणून सूट नाही. देणगीच्या पावतीवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा आणि पैसे यायच्या आधी विचारा. आपुलकीने दिलेले पाच हजार परत पाठवताना खजिनदाराला फार वाईट वाटतं, पण ते परत पाठवावेच लागतात.

ज्या प्रकल्पाला परदेशी देणगीदार खरोखरच आहेत, त्याला ओपन सोर्स कलेक्टिव्हसारख्या परदेशातल्याच यजमान संस्थेची, म्हणजे प्रकल्पाचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेची, वाट दाखवा. तुम्ही रुपयांपुरतेच राहा. देशातला मोठा पैसा हवा असेल तर शेअर दलाली करणाऱ्या झेरोधा कंपनीने ओपन सोर्ससाठी २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस/फंड हा निधी आहे. वर्षाला एकूण दहा लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. त्यासाठी प्रकल्पाने स्वतःच्या साइटवर पैशाची गरज सांगणारी फंडिंग-डॉट-जेसन ही फाइल ठेवून अर्ज करायचा असतो. ती फाइल नीट भरून देणं, खर्चाचे रकाने समजावून सांगणं ही दोन संध्याकाळची मदत एखाद्या वेळी पंचवीस हजारांपेक्षा मोलाची ठरते.

प्रकल्पाची तपासणी: काय पाहावं, काय मागू नये

लायसन्सची फाइल कोडच्या साठ्यात, म्हणजे रेपॉझिटरीत, सर्वात वरच्या फोल्डरमध्ये आहे का आणि ते लायसन्स ओपन सोर्स इनिशिएटिव्ह (ओएसआय) या संस्थेने मान्य केलेलं आहे का, एवढं पहिल्या पाच मिनिटांत कळतं. डेटाचं लायसन्स वेगळं पाहा. वेळापत्रकाला कोडचं लायसन्स चिकटवून भागत नाही.

मग कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाच्या ओघात लिहिलेलं, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. पुण्यातला मेंटेनर हे ॲप रात्री घरी बसून लिहितो हे ठीक, पण त्याच्या नेमणूकपत्रात ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं’ असं कलम असू शकतं. ते त्याला काढून वाचायला सांगा आणि कंपनीकडून एका ओळीची ना-हरकत मेलवर घ्यायला सांगा. विद्यार्थिनीच्या बाबतीत प्रश्न असा की ॲपचा काही भाग कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दिलाय का. दिला असेल तर कॉलेजचे त्यावरचे नियम विचारून घ्या.

संस्थेच्या नावे कॉपीराइट लिहून मागू नका. मालकी नको हे तर आहेच, पण कायद्यातही एक खाच आहे. कलम १९ प्रमाणे हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी संस्थेचा नमुना उतरवून घेतलेले कागद इथे नेमके यातच फसतात. त्यापेक्षा लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून चालत आलेली डीसीओची, म्हणजे ‘हा कोड द्यायचा हक्क मला आहे’ अशा हमीची, पद्धत पुरेशी आहे. प्रत्येक कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ, खाली नाव आणि मेल. फुकट, आणि कुणाची मालकी कुठे जात नाही.

‘दुसरा मेंटेनर नेमा, मगच पैसे’ ही अट घालू नये. ऐकायला शहाणपणाची वाटते, पण फाइली आकसवणाऱ्या एक्सझेड युटिल्स या प्रकल्पाचं प्रकरण आठवा. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरून शिरता येईल असं मागचं दार सापडलं. ते घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं निमूट काम केलं होतं. दमलेल्या एकट्या मेंटेनरवर ‘दुसऱ्याला हक्क द्या’ असा बाहेरून दबाव आला, आणि हक्क नेमके त्याच्याच हाती गेले. तुमची अट तोच दबाव नव्याने आणते. दुसरा माणूस हवा तो खाती परत मिळवण्यापुरता, रिलीज काढण्याच्या हक्काचा नव्हे, आणि मेंटेनर त्याला प्रत्यक्ष ओळखत असला पाहिजे.

दीड पानाचं पत्र

करार म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून ‘सहाय्यपत्र’ म्हणा. मजकूर असा ठेवता येईल:

"हा प्रकल्प स्वतंत्र आहे. त्याचे नाव, चिन्ह, कोड, डेटा, डोमेन व खाती यांपैकी कशाचीही मालकी या पत्राने संस्थेकडे येत नाही.

संस्था १२ महिन्यांसाठी पुढील खर्च बिलावरून थेट भरेल: (खर्चाची यादी, प्रत्येकासमोर कमाल रक्कम). यादीबाहेरचा खर्च लेखी होकाराशिवाय भरला जाणार नाही.

प्रकल्पाने ‘या संस्थेच्या सहाय्याने’ असे लिहावे. ‘या संस्थेचा प्रकल्प’ असे लिहू नये.

प्रकल्पाच्या तांत्रिक निर्णयांत संस्थेला मत नाही. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत प्रकल्पाला मत नाही.

कोणत्याही बाजूस ६० दिवसांच्या लेखी सूचनेने हे सहाय्य थांबवता येईल. सूचनेच्या काळातील ठरलेली बिले संस्था भरेल."

खाली दोन्ही मेंटेनरांच्या आणि सचिवाच्या सह्या. यात तिसऱ्या कलमावर सर्वात जास्त बारीक लक्ष ठेवा. साइटच्या तळाला संस्थेचा लोगो नुसता लावला की वाचणाऱ्याला ते संस्थेचंच वाटतं. लोगोपेक्षा ओळ बरी. लोगो द्यायचाच असेल तर ‘सहाय्य’ हा शब्द चित्रातच कोरलेला वेगळा लोगो करून द्या.

साठ दिवस का? तीस दिवसांत परीक्षा चालू असलेली विद्यार्थिनी सर्व्हर हलवू शकत नाही. नव्वद ठेवले तर संस्थेच्या मार्चअखेरच्या हिशेबात बिलं लोंबकळतात.

डोमेन, किल्ल्या आणि पावसाळा

डोमेन मेंटेनरच्या नावावर, बिल संस्थेचं. डॉट-ऑर्गसारखं नाव एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. एकदम पाच वर्षांचं भरून टाका, पत्र संपलं तरी नाव टिकतं. मुदत चुकली की डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या (रजिस्ट्रारच्या) सवलतीच्या दिवसांनंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात दंड भरून नाव परत मिळतं. पुढच्या ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं होतं.

नोंदणी कॉलेजच्या मेलवर असेल तर आजच बदलायला लावा. पदवी मिळाल्यावर तो मेल बंद होतो, आणि नूतनीकरणाची आठवण बंद मेलवर येत राहते. लहान प्रकल्पांची डोमेनं जातात ती बहुतेक अशीच, पैशाअभावी नव्हे.

दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून बंद पाकिटात ठेवायला सांगा. एक मेंटेनरच्या घरी, एक त्या दुसऱ्या ओळखीच्या माणसाकडे. संस्थेच्या कपाटात नको, नाहीतर मागल्या दाराने तीच मालकी आली. आणि इंकजेटवर छापलेला कागद जून ते सप्टेंबरच्या दमटपणात पुसट होतो, म्हणून लेझर प्रिंट काढून झिपच्या पिशवीत. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवू पाहणाऱ्यालाही पावसाळ्याचीच आठवण द्या. वीज जाते, परत येताना डिस्क बिघडते. महिना सहाशे रुपये त्यासाठीच द्यायचे.

सुरक्षा

जाणकाराकडून एकदा कोड पाहून घेणं ही एकदाचीच मदत असते. दोष नंतरही येत राहतात, म्हणून रेपॉझिटरीत सिक्युरिटी नावाची फाइल लिहून घ्या: दोष खासगीत कुठे कळवायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल. जाहीर करण्याआधी ९० दिवस थांबण्याचा रिवाज आहे. कळवणाऱ्याचा मेल संस्थेकडे आला तर तो पुढे पाठवा आणि पोहोच द्या, स्वतः दुरुस्ती करायला बसू नका. सीव्हीई क्रमांक, म्हणजे दोषाच्या जागतिक नोंदीचा क्रमांक, हवा असेल तर भारतात सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था तो देऊ शकते. तिथला पत्रव्यवहार करून देणं ही संस्थेने घ्यावी अशी जबाबदारी आहे, कारण दोघांच्या प्रकल्पाला सरकारी पत्राची भाषा जमेलच असं नाही.

सभासदांची तक्रार

‘आम्ही सगळे नियम पाळतो, ते न पाळता घेतात’ ही तक्रार येणारच, आणि ती रास्त आहे. तिला उत्तर म्हणजे फरक आकड्यात दाखवणं. सभासद प्रकल्पाला मत आहे, ट्रेडमार्कचं रक्षण आहे, नोटीस आली तर संस्थेचा वकील आहे, आणि खर्चाला पंचवीस हजारांची मर्यादा नाही. भारतात ट्रेडमार्कच्या एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लहान उद्योगाला ४,५०० रुपये लागतात, इतरांना ९,०००. सॉफ्टवेअरला वर्ग ९ आणि बहुधा ४२ही लागतो, म्हणजे शुल्कच दुप्पट, वर वकील. हे सगळं फक्त सभासदांसाठी. सहाय्यावरच्या प्रकल्पांचा एकूण खर्च वार्षिक अंदाजपत्रकाच्या एका ठरावीक हिश्शात, समजा दहाव्या भागात, बांधून टाका आणि तो आकडा सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. वाद बराचसा तिथेच मिटतो.

एक पथ्य कार्यकारिणीनेही पाळायचं. वर्षाच्या शेवटी ‘आता तरी सभासद व्हा’ असा लकडा लावायचा नाही. मदत ही आमिष झाली की पुढचा प्रकल्प विचारायलाच येत नाही.

पहिल्या वर्षी तीन प्रकल्पांहून जास्त घेऊ नका. प्रत्येकाला कार्यकारिणीतला एक माणूस दुवा म्हणून नेमा. त्याचं काम महिन्याला दोन तासांचं: एक फोन, बिलं, आणि रेपॉझिटरीत काही हललंय का ते पाहणं. सहा महिने काहीच हललं नाही तर रागावण्याआधी विचारा. पुष्कळदा प्रकल्प पुरा झालेला असतो आणि त्याला फक्त डोमेन हवं असतं. तेही चांगलं कारण आहे.

थांबवताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक गटांचे पैसे सांभाळणाऱ्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने वर्षअखेर बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा शेकडो गटांना नवा यजमान शोधावा लागला. ज्यांचे पैसे त्या एकाच संस्थेत होते त्यांची धावपळ सर्वात मोठी. तुमची संस्थाही एक दिवस बंद पडू शकते, म्हणून निरोपाची यादी पहिल्याच दिवशी पत्राला जोडा: सर्व्हरच्या खात्यातून संस्थेचा बिलाचा सदस्य काढणं, कार्ड काढणं, डोमेनच्या पुढच्या मुदतीची तारीख लेखी कळवणं, साइटवरची सहाय्याची ओळ काढणं किंवा तिथे ‘२०२५ ते २०२६’ अशी वर्षं घालणं. मंजूर होऊन न वापरलेली रक्कम संस्थेतच राहते. ती मेंटेनरला उरलासुरला खर्च म्हणून देऊ नका, धर्मादाय पैसा बिलाशिवाय व्यक्तीच्या खिशात जाता कामा नये.

आणि कधी उलट होतं. ॲप वाढतं, एखादं सरकारी खातं ते वापरायला मागतं, कुणीतरी तेच नाव लावून दुसरं ॲप काढतं, मेंटेनर विचारतात की ट्रेडमार्कचा अर्ज संस्थेच्या नावाने करता येईल का. अशा वेळी सहाय्यपत्रात आणखी एक कलम घुसवू नका. पत्र चालू ठेवा, बिलं भरत राहा, आणि पूर्ण सभासदत्वाचा कोरा अर्ज वेगळा त्यांच्या हाती द्या. वाचायला महिनाभर घ्या म्हणावं, आणि सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला दाखवा, संस्थेच्या नव्हे.